धुरकट काळी बिअर पहिल्यांदा चाखताय? मग तासभर वेळ काढा

पहिला घोट घेतला की बहुतेक लोक ग्लास नाकापासून लांब धरतात आणि विचारतात की ह्यात कुणी सिगरेट विझवली का, आणि मग तो ग्लास जो बाजूला सारतात तो परत हातात घेतच नाहीत. मला दर वेळी वाईट वाटतं, कारण ह्या बिअरची खरी चव सुरूच होते तिसऱ्या-चौथ्या घोटाला. जर्मनीतलं बाम्बेर्ग हे धुरकट बिअरचं माहेरघर, आणि तिथे सुद्धा नवख्याला हेच सांगतात की पहिल्या ग्लासवरून ठरवू नकोस, निदान तीन तरी पी. तीन ग्लास पिण्याची काही गरज नाही, मी तर म्हणेन एकच ग्लास घ्या पण तो तासभर पुरवा. कसा पुरवायचा आणि त्या तासात नेमकं काय शोधायचं ते सांगतेय, आणि त्यातही गरम हवेच्या प्रदेशातल्या ब्रुअरीने बनवलेली काळी बिअर असेल तर काय वेगळं बघायचं ते जरा जास्त सविस्तर, कारण तिथेच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. (तुमच्याकडे दारू प्यायचं कायदेशीर वय झालेलं असलं पाहिजे आणि त्या दिवशी गाडी चालवायची नसली पाहिजे, हे धरून चालतेय.)

आधी धूर कुठून येतो ते समजून घ्या

बिअरमध्ये धूर कुणी ओतत नाही. धान्य भिजवून त्याला मोड आणतात, मग ते वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. पूर्वी हे वाळवणं उघड्या आचेवर, बऱ्याच ठिकाणी लाकडाच्याच, व्हायचं, त्यामुळे तेव्हाच्या कितीतरी बिअरना कमीजास्त धूर लागलेलाच असायचा, अगदी १८व्या शतकातल्या लंडनच्या पोर्टर ह्या गडद बिअरचा ब्राऊन माल्टसुद्धा लाकडावरच वाळवत. पुढे धूर न लागता नुसती गरम हवा देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि धूर मागे पडला. बाम्बेर्गच्या श्लेंकेर्ला आणि श्पेत्सियाल ह्या दोन ब्रुअरींनी मात्र तो सोडला नाही, दोघी आजही स्वतःचा माल्ट बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर स्वतः वाळवतात. श्लेंकेर्लाचा पहिला उल्लेख १४०५ चा आहे आणि श्पेत्सियालचा १५३६ चा.

पण काळा रंग म्हणजे धूर नव्हे. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की अर्धं काम झालं. काळा रंग येतो भाजलेल्या माल्टमुळे, म्हणजे कॉफीच्या बिया भाजतात तसं फिरत्या ड्रममध्ये भाजलेलं धान्य, आणि त्या ड्रमचं पेटंट डॅनियल व्हीलरने १८१७ साली इंग्लंडमध्ये घेतलं. धूर वेगळा, भाजणं वेगळं. फिकट पिवळी बिअरही धुरकट असू शकते, पोलंडची ग्रोजिस्किए तशीच असते, ओक लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या गव्हाची आणि अगदी हलकी. आणि कोळशासारखी काळी स्टाऊट (भाजलेल्या माल्टची बिअर) असून तिच्यात धुराचा एक कणही नसू शकतो.

आपल्या भाषेत ह्यासाठी आयते शब्द आहेत म्हणून मी चाखताना तेच वापरते. धुरकट म्हणजे लाकडाचा धूर. खमंग म्हणजे नीट भाजलेलं, कॉफी, कोको, पावाची तपकिरी कड. करपट म्हणजे भाजणं हाताबाहेर गेलेलं, राख, कोळसा. आणि जळजळीत म्हणजे अल्कोहोलचा चटका, हा घशात आणि छातीत कळतो, नाकात कमी. नवा माणूस ह्या चारही गोष्टींना एकच नाव देतो, "जळका वास". पुढचा सगळा तास म्हणजे ह्या चौघांना वेगळं ओळखायचा सराव आहे.

बाटली निवडताना

लेबल वाचा. शक्य असेल तर तीन गोष्टी शोधा: लाकूड कुठलं, अल्कोहोल किती, आणि बाटली कधी भरली.

लाकडाने खूप फरक पडतो. लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो, तो जळताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉल अशी द्रव्यं तयार होतात, आणि आपण ज्याला धुराचा वास म्हणतो तो बराचसा ह्या दोघांचा. बीचचा धूर हॅमची आठवण करून देतो (हॅमला सुद्धा बऱ्याचदा बीचचाच धूर देतात म्हणून, ह्या वासासाठी बिअरमध्ये मांसबिंस काही घालत नाहीत). ओकचा धूर जरा सौम्य वाटतो, चेरीचा गोडसर, फळाकडे झुकणारा. अल्डर लाकडाचा धूर सामन माशाला देतात, आणि अमेरिकेत जुनो इथल्या अलास्कन ब्रुअरीने १९८८ मध्ये त्याच लाकडावरच्या माल्टची पोर्टर काढली, ती आजही ह्या प्रकारातली सगळ्यात नावाजलेली बाटली. लेबलवर "पीटेड" असं लिहिलेलं असेल तर ते लाकूडच नाही, ती दलदलीतली वाळवलेली पीट माती आहे, तिचा धूर आयोडीन, डांबर, दवाखाना असा लागतो. ज्यांना पीटच्या धुराची व्हिस्की आवडते त्यांना चालेल, पण पहिल्यांदा चाखणाऱ्याने पीटेड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्याने धुराबद्दल कायमचा गैरसमज होतो.

अल्कोहोल ५ ते ६ टक्क्यांचं असेल तर सुरुवातीला सोपं जातं. ८-९ टक्क्यांची असेल तर बाटली दोघा-तिघांत वाटून घ्या, चाखायला दीडशे मिली पुष्कळ झाली.

आता तारीख. गरम प्रदेशातल्या बिअरसाठी हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि लोक नेमकी हीच बघत नाहीत. बिअर उष्णतेने म्हातारी होते. ब्रुअरीवाल्यांचा एक ठोकताळा आहे, ३-३०-३०० म्हणतात त्याला: साधारण ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवसात बिअरचं जेवढं नुकसान होतं तेवढं २२ अंशाला ३० दिवसात आणि ३ अंशाला ३०० दिवसात होतं. काटेकोर हिशोब नाही हा पण अंदाज पक्का येतो. म्हणजे ब्रुअरीने कितीही जीव ओतून बनवलेली असो, बाटली एखाद्या तापलेल्या गोदामात किंवा ट्रकमध्ये आठवडाभर पडून राहिली की झालं. म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली घ्या, उन्हात मांडलेली अजिबात नको, आणि विकणाऱ्याला विचारायला लाजू नका की माल थंड ठेवलेला होता का.

फ्रिजमधून कधी काढायची

गरम हवेत राहणाऱ्यांना बिअर बर्फासारखी गार प्यायची सवय असते आणि ते साहजिक आहे, पण ह्या बिअरला ते मारक आहे. खूप गार असली की वास उडत नाहीत, गोडवा जिभेला कळत नाही, आणि उरतो फक्त कडवटपणा आणि गॅसचा चावा. म्हणजे जे नको ते सगळं समोर आणि जे हवं ते दडलेलं. कितीतरी लोकांना ही बिअर नुसती करपट लागते त्याचं कारण बिअर नाही, फ्रिज आहे.

१० ते १२ अंशाला सुरुवात करा. बाटली फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं ठेवा, खोली फार तापलेली असेल तर दहा मिनिटं बास. थर्मामीटर नको, बाटलीला हात लावला तर गार लागली पाहिजे पण बोटं बधिर व्हायला नकोत. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका.

ग्लास शक्यतो तोंडाशी निमुळता होत जाणारा घ्या, ट्युलिपच्या आकाराचा, वाईनचा ग्लासही छान चालतो. साबणाचा वास राहिलेला नको, परत एकदा नुसत्या पाण्याने खळबळून घ्या आणि ग्लासात नाक घालून बघा, काहीच वास आला नाही तर तो तयार. खोलीत उदबत्ती, परफ्यूम, स्वयंपाकाची फोडणी ह्यातलं काही नको, आणि आधी अर्धा तास तिखट खाल्लेलं नको. जवळ साधं पाणी आणि साधा पाव, एवढंच. जमलं तर बिनधुराची एखादी साधी स्टाऊट सुद्धा आणून ठेवा, ती का ते पुढे सांगते.

ओतणे आणि बघणे

ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करा म्हणजे दोन बोटं फेस येईल. ग्लास एक तृतीयांशच भरा, वर वास साठायला जागा हवी. रंगावर फार वेळ घालवू नका. ग्लास दिव्यासमोर धरून कडेला बघा, काळ्या दिसणाऱ्या कितीतरी बिअर कडेला गडद लाल असतात. फेस तपकिरी असेल तर भाजलेला माल्ट बराच आहे असं समजा.

वास, आणि इथे घाई नको

नाक एकदम ग्लासात खुपसू नका. आधी हनुवटीच्या खाली ग्लास धरा आणि नुसता श्वास घ्या. ह्या अंतरावर जो वास पोचतो तो बहुतेक वेळा धूरच असतो. मग ग्लास थोडा फिरवा, जवळ आणा आणि दोन-तीन छोटे छोटे श्वास घ्या, कुत्रा हुंगतो तसे. लांब मोठा श्वास घेतला की नाक लगेच थकतं.

नाक थकणं हीच ह्या बिअरची किल्ली आहे. एकच वास सतत येत राहिला की आपलं नाक त्याची दखल घेणं कमी करतं, आणि धुराच्या बाबतीत हे फार लवकर होतं. पाच-सात मिनिटांत धूर मागे सरकतो आणि इतका वेळ त्याच्या आड लपलेलं सगळं पुढे येतं: कोको, मनुका, पावाची कड, काकवीसारखा गोडवा, कधी ज्येष्ठमध. म्हणून तर म्हणते पहिल्या घोटावर ठरवू नका, पहिल्या घोटाला तुम्ही फक्त धूर पिताय, बिअर नंतर सुरू होते. धूर परत ताजा हवा असेल तर ग्लास लांब ठेवून दोन मिनिटं बाहेर जाऊन या, किंवा स्वतःच्या बाहीचा वास घ्या, त्याने नाक परत जागेवर येतं.

वास घेताना एक प्रश्न स्वतःला विचारा: हा धूर कशाचा वाटतो? विझलेली शेकोटी, धुरी दिलेलं चीज, कातडं, राख, डांबर? उत्तर बरोबर-चूक नसतं, पण प्रश्न विचारला नाही तर "धूर" ह्या एका शब्दावरच गाडी अडून राहते.

पहिले तीन घोट

पहिला घोट छोटा, फक्त तोंड ओळखीचं व्हावं म्हणून. ह्याबद्दल मत बनवायचंच नाही.

दुसरा घोट जरा मोठा, जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा, आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. हे जरूर करा. बिअर चाखताना गिळणं फार महत्त्वाचं आहे कारण घशामागून नाकाकडे जो वास जातो तो समोरून घेतलेल्या वासापेक्षा वेगळा लागतो. समोरून हॅमसारखा वाटलेला धूर मागून गोडसर, लाकडासारखा लागतो असं माझ्या बाबतीत कितीदा झालंय.

तिसऱ्या घोटाला चार शब्दांची वाटणी करा. धुरकट हा नाकातून श्वास सोडताना कळतो. खमंग हा तोंडभर, मधोमध. करपट हा शेवटी येतो, जिभेच्या मागे कडू आणि गालांना कोरडं करत जाणारा, तुरट. जळजळीत असेल तर गिळल्यावर घशात ऊब जाणवते. गोंधळ झाला तर आता ती बिनधुराची स्टाऊट काढा, एक घोट घ्या, आणि परत धुरकट बिअरकडे या. दोन्हीत जे सारखं लागलं ते भाजलेल्या माल्टचं, आणि जे फक्त एकीत होतं ते धुराचं. दहा पानं वाचून जे समजत नाही ते ह्या एका घोटात समजतं.

गरम हवेची बिअर वेगळी का लागते

थंड प्रदेशातल्या धुरकट पोर्टरवर वाचून आलेल्यांना इथे धक्का बसतो. गरम प्रदेशात काळ्या बिअरची स्वतःची एक परंपरा आहे. डब्लिनच्या गिनेसने १८०१ मध्ये लांबच्या, गरम प्रदेशातल्या प्रवासात टिकावी म्हणून जास्त हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेली वेस्ट इंडिया पोर्टर काढली, आणि पुढे त्या हवेत तिथल्या ब्रुअरींनी स्वतःच्या स्टाऊट काढल्या, जमैकाची ड्रॅगन स्टाऊट, श्रीलंकेची लायन स्टाऊट. ह्यांना ट्रॉपिकल स्टाऊट म्हणतात. त्यांच्यात धूर नसतो पण त्यांचा बांधा बघून ठेवा: अंगाने भरलेल्या, गोडसर, फळांच्या वासाच्या, जास्त अल्कोहोलच्या, आणि बऱ्याचदा लागरच्या (थंडीत आंबवतात त्या बिअरच्या) यीस्टवर पण त्याला नेहमी मिळते त्यापेक्षा जास्त उबेत आंबवलेल्या. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यात व्होटोरांटिम इथे तर बाम्बेर्गचंच नाव घेतलेली ब्रुअरी आहे आणि ती धुरकट बिअर बनवते, म्हणजे हा नाद थंडीपुरता उरलेला नाही.

आता अशा गोड, भरलेल्या बांध्यात धूर घातला की काय होतं? गोडवा धुराला झाकतो. कोरड्या पोर्टरमध्ये धूर दारातच भेटतो, इथे तो शेवटी येतो, गिळल्यानंतर, गोडवा ओसरला की. त्यामुळे ह्या बिअरमध्ये घोट गिळल्यावर निदान वीस सेकंद थांबा, बोलू नका, पाणी पिऊ नका. त्या वीस सेकंदांत ब्रुअरचं कसब कळतं. गोडवा जातो, मग कोको येतो, मग धूर येतो आणि हळूच संपतो, असं झालं तर ती फार चांगली बिअर आहे. आणि शेवटी राख आणि चिकट साखर एवढंच उरलं तर तोल गेलाय.

मला ह्या ब्रुअरींबद्दल फार आदर आहे, कारण त्यांची लढाई वेगळी आहे. बिअर आंबताना स्वतःच उष्णता तयार करते, वर बाहेरची हवा तापलेली, नळाचं पाणी कोमट, म्हणजे माल्टचा उकळलेला अर्क गार करायलाच जास्त यंत्रणा लागते आणि टाक्यांभोवती गार द्रव सतत फिरवत ठेवावा लागतो. बार्ली मुख्यतः थंड हवेचं पीक, त्यामुळे माल्टही बऱ्याचदा लांबून येतो, आणि धुराचा माल्ट पडून राहिला की त्यातला धूर हळूहळू कमी होतो. म्हणून काही ब्रुअरी माल्टला जवळच्या लाकडाची धुरी स्वतःच देतात. तसं लेबलवर लिहिलेलं दिसलं तर ती बाटली जरूर घ्या, तो धूर दुसऱ्या कुठे चाखायला मिळणार नाही.

दोष ओळखायचे कसे

धुराच्या आड दोष लपतात, त्यामुळे नवख्याला वाटतं की अशीच असते ही बिअर. तसं नाही. हे काही ठळक:

- बँडेज, प्लास्टिक, दवाखान्याचा तीव्र वास: बऱ्याचदा पाण्यातल्या किंवा सफाईच्या क्लोरीनची आणि बिअरमधल्या फिनॉल ह्या उग्र वासाच्या द्रव्यांची गाठ पडली की होतो. अगदी नगण्य प्रमाणातही नाकाला कळतो. लाकडाचा धूर असा लागत नाही. पीटेड माल्टशी ह्याची गल्लत होते म्हणून लेबल वाचायला सांगितलं.
- नेलपॉलिश, थिनर, आणि घशाला ओरखडे काढणारं अल्कोहोल: यीस्टला आंबताना जास्त गरमी झाली. नॉर्वेचं क्वाइक यीस्ट ३५-४० अंशातही छान काम करतं पण साध्या यीस्टला ते झेपत नाही.
- ओला पुठ्ठा: बिअर शिळी झाली, उष्णतेत पडून होती. काळ्या बिअरमध्ये हा शेरी वाईनसारखा किंवा बेदाण्यासारखा लागतो, थोडा असेल तर काहींना आवडतोही, मलाही आवडतो, पण बाटलीवर ताजी तारीख असेल तर तो यायला नको.
- सोया सॉस: बऱ्याचदा बिअर फार काळ यीस्टवर पडून राहिल्याची, यीस्ट मेल्याची खूण.
- आंबट: धुरकट बिअर आंबट लागली आणि लेबलवर तसं काही नसेल तर बाजूला ठेवा.

एकदा मी आणलेल्या एका बाटलीत पहिल्या तीन गोष्टी एकदमच होत्या आणि मला कितीतरी महिने वाटत राहिलं की मला धुरकट बिअरच आवडत नाही. तीच बिअर नंतर ताजी, ब्रुअरीतच मिळाली, आणि ती वेगळीच निघाली. एका बाटलीवरून अख्खा प्रकार नाकारू नका, निदान दुसरी तरी नीट ठेवलेली मिळवा.

तासभर थांबायचं ते ह्यासाठी

वहीत तीन वेळा लिहा, ओतल्यावर लगेच, वीस मिनिटांनी, आणि चाळीस-पन्नास मिनिटांनी. मोठे शब्द नकोत, "धूर कमी, कोको वाढला, शेवट तुरट" एवढं पुरे. बिअर जशी १२ वरून १६-१८ अंशाकडे सरकते तसा गोडवा उघडतो, गॅस कमी होतो, अंग रेशमी लागतं. चांगली बिअर ह्या वेळेत सुधारते. कच्ची बिअर उघडी पडते, अल्कोहोल वर येतं, गोडवा चिकट होतो. खाण्यासोबत बघायचं असेल तर आता बघा, आधी नको: जुनं कडक चीज किंवा डार्क चॉकलेटचा छोटा तुकडा. धुरी दिलेलं काही मात्र सोबत घेऊ नका, धुरावर धूर आला की दोन्ही सपाट होतात.

ग्लास संपला की लगेच धुवू नका. तळाशी राहिलेले दोन थेंब तसेच सुकू द्या, पंधरावीस मिनिटांनी रिकाम्या ग्लासात नाक घाला. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, गॅस नाही, फळांचे हलके वासही बरेचसे गेलेले असतात. राहतो तो जड धूर, एकटा, आणि मघाशी बिअरमध्ये जो धूर कशाचा आहे ते सांगता येत नव्हतं तो इथे बहुतेक वेळा स्वच्छ ओळखू येतो. तो शब्द वहीत सगळ्यात शेवटी लिहा.